पहिलं काम रस्त्याचं

मी जळगावची. म्हणजे गल्लीत नळ, घरात वीज आणि परसात टोपलीचा का होईना, पण संडास असलेल्या घरातली. वडील कोर्टात कारकून होते. मी मॅट्रिक झाले, मग चार वर्षं स्थळं बघण्यात गेली आणि पारोळ्यापासून आत, आडवळणाच्या एका खेड्यात माझं लग्न लागलं. स्थळ बघून आलेले वडील आईला सांगत होते की विहिरीला बारमाही पाणी आहे, कापूस चांगला होतो, दारात दोन बैलजोड्या आहेत आणि सासरा गावचा पुढारी आहे. आईनं उलटसुलट खूप विचारलं. एक गोष्ट मात्र विचारायची तिलाही सुचली नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच पहाटे सासूबाईंनी मला हलवून उठवलं, हातात पाण्याचं डबडं दिलं आणि म्हणाल्या, "चाल वं." बाहेर अजून फटफटलंही नव्हतं. गल्लीगल्लीतून बाया निघत होत्या आणि आमच्यात मिसळत होत्या. गावाच्या मागे नाल्याकाठी दाट बाभूळबन होतं, मधे बोरीच्या जाळ्या, कडेनं निवडुंग. तिथं गेल्यावर आपल्याला कशासाठी आणलंय ते मला कळलं आणि मी चक्क रडायला लागले. सासूबाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "रडू नको. आठे कोनी येस नही," एवढंच म्हणाल्या.

त्यांचं खरं होतं. त्या बनात पुरुष कधीही पाय ठेवत नसे. कुणी तसा नियम केला नव्हता, पण एखाद्याचा बैल सुटून तिकडे घुसला तर तो गडी लांब बांधावर उभा राहून खाकरायचा आणि आतून कुणी बाई बैलाला हाकलून देईपर्यंत तोंड फिरवून थांबायचा. झाडी इतकी गच्च होती की भर दुपारीही कुणाला अडचण पडली तर जाता यायचं. हळूहळू मला ती जागा आवडायलाही लागली, हे सांगताना आजही मला थोडं हसू येतं. घरात तोंड न उघडणाऱ्या सुना तिथं बोलायच्या. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या पाठीवर वळ आहेत, कुणाच्या माहेरून सांगावा आलाय, सगळं तिथंच कळायचं. सासूबाईही तिथं माझ्याशी वेगळ्या बोलायच्या. घरी त्या सासू होत्या. तिथं त्या एक बाई होत्या.

घरी बोलायचं म्हणजे मोठी पंचाईत होती. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. त्यांच्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून घ्यायचा. काही सांगायचंच असेल तर दाराच्या चौकटीला सांगायचं. "जेवण वाढलंय म्हणावं," असं मी चौकटीकडे बघून म्हणायचे आणि आबा पाटावर येऊन बसायचे. सासूबाईंची तऱ्हा फार वेगळी नव्हती. इतकी वर्षं संसार झालेला, पण चार माणसांत त्या आबांशी एक शब्द बोललेल्या मी पाहिल्या नव्हत्या. गावातल्या बाया त्यांना आक्का म्हणायच्या. त्यांचा धाक मोठा होता, पण तो उंबऱ्याच्या आतला.

मला सासरी येऊन वर्षभर झालं असेल, तेव्हा आबांनी विधानसभेला उभं राहायचं ठरवलं. कुठल्या पक्षाचे म्हणून नाही, अपक्ष. चिन्ह मिळालं सायकल. समोर तालुक्याच्या गावचा एक वकील होता, त्याचं चिन्ह छत्री. आबांच्या पत्रकाचा कच्चा मसुदा छापायला जायच्या आधी मी दाराआडून वाचून दाखवला होता, कारण घरात भराभर वाचणारं माणूस मीच. पहिलं काम रस्त्याचं. मग वीज, मग शेतीला पाटाचं पाणी, मग कापसाला भाव आणि सातवीपर्यंत शाळा. क्रम आबांनी स्वतः लावला होता आणि रस्ता पहिला का, हे कुणी त्यांना विचारायची गरज नव्हती.

त्यांची थोरली लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. पावसाळा होता, काळी माती. अडलेल्या पोरीला बैलगाडीत घालून धुळ्याला न्यायला निघाले आणि गाडी नाल्याच्या पलीकडे आसापर्यंत रुतली. बैल गुडघ्यांवर आले, माणसांनी खांदे लावले, गाडी हलली नाही. पोर त्या गाडीतच गेली. आबा प्रत्येक सभेत हे सांगायचे आणि प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी त्यांचा आवाज बसायचा. ते नाटक नव्हतं. मी दाराआडून त्यांना ते भाषण म्हणून बघताना ऐकलंय, तेव्हा समोर कुणी नसतानाही आवाज तिथंच बसायचा. म्हणून या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. त्यांना जे दिसलं त्यासाठी ते जिवापाड झटले. जे दिसलं नाही त्याचीच ही गोष्ट आहे.

आबांचं म्हणणं असं की नुसतं बोलून मतं मागणं आपल्याला जमत नाही. आधी काम, मग मत. मतदानाच्या आत गावापासून मोठ्या सडकेपर्यंतचा रस्ता गावकऱ्यांच्या अंगमेहनतीनं मोकळा करायचा आणि मुरूम टाकून दाखवायचा. रस्ता न्यायचा कुठून, यावर पारावर बैठक झाली. एक वाट भाऊबंदांच्या शेतांतून जात होती. शेताची बोटभर पट्टीसुद्धा सोडायला कुणी राजी नव्हतं. दुसरी वाट सरळ नाल्याकडून, बाभूळबनातून. ती सरकारी पड जमीन. नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ, ते म्हणाले, "ती जागा कोनीच नही," म्हणजे कुणाच्याच मालकीची नाही. सगळ्यांनी माना हलवल्या आणि बैठक उठली. भांडण न होता ठरलेली ही गावातली पहिली गोष्ट असावी.

आम्हाला घरात एवढंच कळलं की उद्यापासून रस्त्याचं काम आहे आणि माणसांच्या भाकरी आपल्याकडे आहेत. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून मी आणि सासूबाई चुलीपुढे होतो. कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, वांग्याचं भरीत. कुऱ्हाडींचे आवाज येत होते. सासूबाई म्हणाल्या की बांधावरचं लिंबाचं झाड पाडत असतील. त्या दिवशी त्या खुशीत होत्या. "मनी पोर गई तो रस्ता व्हई राहिना," पोर गेली तो रस्ता आता होतोय, असं भाकरी थापता थापता दोनदा म्हणाल्या.

दुपारी डोक्यावर पाट्या घेऊन आम्ही निघालो. गावाच्या मागच्या वळणावर आलो आणि मला आधी कळेचना की काय चुकलंय. समोर एकदम खूप आभाळ दिसत होतं. नाला दिसत होता, नाल्यापलीकडची शेतं दिसत होती, त्यात निंदणाऱ्या बाया दिसत होत्या. बाभूळबन नव्हतं. आडव्या झालेल्या बाभळींवर गडी बसून घाम पुसत होते. ज्या बोरीच्या जाळीमागं मी त्याच पहाटे बसले होते, तिथं नाना पाय पसरून विडी ओढत होते. सगळ्या गावासमोर कुणी माझा पदर ओढावा तसं मला वाटलं, आणि ओढणाऱ्यांना त्याची खबरही नव्हती.

आबा आमच्याकडे पाठ करून माणसांना सांगत होते, "देखा, वेशीपाईन ते सडक लगून नजर कशी सरळ जास." त्यांच्या आवाजात असा आनंद होता की तो ऐकवेना. सासूबाईंनी पाटी खाली ठेवली. भाकरी तिथंच राहिल्या. त्या वळल्या आणि घराकडे चालू लागल्या, मी मागोमाग. घरी आल्यावर मी विचारलं, "तुम्ही त्यांना सांगत का नाही?" त्यांनी चुलीतली राख उकरली. मग म्हणाल्या, "काय सांगू? हाऊ शब्द मी त्यास्ना मोरे आज लगून काढा नही."

मला ते खरं वाटेना. इतकी वर्षं एका छपराखाली राहिलेल्या माणसाला आपण पहाटे कुठं जातो हे सांगायला शब्द नाही? मग मीच आमच्या ह्यांना सांगून पाहिलं. ते कानापर्यंत लाल झाले. "बायकांच्या गोष्टी मला काय सांगतेस? निवडणूक होऊ दे, बघू," म्हणाले आणि पायात वहाणा घालून निघूनच गेले. शिकलेला माणूस, धुळ्याला कॉलेजात वर्षभर राहून आलेला. मग कळलं की शब्द फक्त सासूबाईंकडेच नव्हता असं नाही. तो गावात कुणाकडेच नव्हता.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून घशाला कोरड पडते. दिवसा जाणं तर संपलंच. पहाटे अंधारात किंवा तिन्हीसांज होऊन गेल्यावर, नव्या मुरमाच्या कडेला, उघड्यावर. दिवसा अडचण पडू नये म्हणून बायांनी सकाळपासून पाणी पिणंच कमी केलं. जेवणंही एकवेळची झाली. पोटुशी होती तीही तशीच. मला दोनदा लघवीची आग होऊन ताप आला आणि मी तो उन्हाचा म्हणून सांगितला.

आणि आबांना काय वाटलं? सासूबाई जेवत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. एवढं तरी लक्षात आलं. नानांनी त्यांना सांगितलं की आमच्याकडेही तेच चाललंय, गावातल्या बायांनी तुमच्यासाठी उपास धरलेले दिसतात. आबांचे डोळे भरून आले. पुढच्या सभेत त्यांनी ते सांगितलं. माझ्या गावच्या माय-बहिणी अन्नपाणी सोडून बसल्यात, आता तरी रस्त्याची किंमत ओळखा. टाळ्या पडल्या म्हणे. हे घरी येऊन ओसरीवर सांगत होते तेव्हा सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

पण खरा कहर पुढे झाला. प्रचारासाठी आबांनी एक जुनी जीप भाड्यानं आणली होती. दिवसभर खेडी पालथी घालून ती तिन्हीसांजेनंतर परत यायची आणि तीही याच नव्या रस्त्यानं. गावात आलेलं ते पहिलंच वाहन. एका संध्याकाळी आम्ही बाया रस्त्याच्या कडेला होतो. वळणावरून एकदम दिव्यांचा झोत आला. पळायला आडोसा नव्हता. एकच गोष्ट करता येत होती, ती सगळ्यांनी केली. उठून उभ्या राहिलो. पदर तोंडावर ओढले, माना खाली घातल्या आणि रांगेनं उभ्या राहिलो. माझ्या एका बाजूला सासूबाई होत्या, दुसऱ्या बाजूला नानांची सून.

जीप आमच्यापाशी येऊन सावकाश झाली. मला वाटलं, आता दिवे मालवतील. तसं झालं नाही. आबा जीपमध्ये उठून उभे राहिले, एका हातानं वरचा दांडा धरून तोल सावरला, मग दोन्ही हात जोडले आणि रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्हाला नमस्कार करत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड नव्हता, पण हात दिसत होते. ते हात सासूबाईंसमोरून गेले, माझ्यासमोरून गेले. पदराखाली कोण आहे ते त्यांना कळलं नाही. जीप गेल्यावर मुरमाची धूळ बसेपर्यंत आम्ही तशाच उभ्या होतो. नानांची सून आधी हसायला लागली आणि मग तिला रडू आवरेना.

घरी पोचलो तर आबा ओसरीवर मोठ्या आवाजात सांगत होते, "काय मान दिधा बायास्नी. रस्तावर उभ्या व्हत्यात बठ्ठ्या, रांग करीसन." आपल्याला मान द्यायलाच सगळ्या बाया रांगेनं उभ्या होत्या, असं त्यांना वाटलं होतं. मी आतल्या दारात खिळून राहिले. सासूबाईंनी हातपाय धुतले, ताट वाढलं आणि आबांसमोर ठेवलं. त्या संध्याकाळनंतर हे नेहमीचंच झालं. जीप आली की आम्ही उठून उभ्या राहायचो आणि आबा हात जोडायचे. लाज वाटण्याची एक हद्द असते, ती ओलांडल्यावर नुसता राग उरतो. माझं तसं झालं होतं. सासूबाईंचं काय झालं होतं ते मला कळत नव्हतं, कारण बन गेल्यापासून त्या माझ्याशी मनातलं बोलतच नव्हत्या. आमची बोलायची जागाच गेली होती.

मतदान जवळ आलं तसं आबांनी चौकटीकडे बघून मला निरोप दिला की सुनबाईनं गावातल्या बायांना शिक्का कसा मारायचा ते शिकवावं. बहुतेकींनी तोवर कागद हातात धरलेला नव्हता. मी एका मोठ्या कागदावर चित्रं काढली, बटाटा कापून शिक्का केला आणि कुंकू कालवून शाई केली. दुपारी घरोघरी गेले. सायकल कुठली, छत्री कुठली, शिक्का चित्राच्या चौकटीतच मारायचा, दुसऱ्या चौकटीला लागू द्यायचा नाही. आणि ओली शाई घडीत उमटली तर मत बाद होतं, म्हणून शिक्का मारल्यावर वाळेपर्यंत फुंकायचं, मग घडी घालायची. "वाये लगून फुकनं," असं घोकत सासूबाई पहिल्याच दिवशी शिकल्या. गाल फुगवून फुंकताना त्या लहान पोरीसारख्या दिसल्या आणि त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

पुरुषांचा बंदोबस्त वेगळा होता. खंडेरावाच्या देवळात ताटात बेल आणि भंडारा ठेवून प्रत्येक घरच्या कर्त्यानं तो उचलला आणि मत सायकललाच देण्याची शपथ घेतली. बेलभंडार उचलून फिरला असा माणूस आमच्या भागात सापडायचा नाही. बायांना कुणी शपथ घातली नाही. घरच्या बाया घरच्यांबरोबरच, त्यात विचारायचं काय?

मतदानाच्या दिवशी बाया ठेवणीतली लुगडी नेसून शाळेपुढे रांगेत उभ्या राहिल्या. पुन्हा रांगच, पण या वेळी दिवसाउजेडी. मी माझा शिक्का सायकलवर मारला. मनात राग होता, तरी मारला, कारण तो रस्ता झाला पाहिजे असं मलाही वाटत होतं आणि दुसरं काही करता येतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सासूबाई माझ्या पुढे होत्या. त्या आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. फुंकायला वेळ लागतो, इतक्या लवकर कशा आल्या, असं मला वाटलं आणि मी ते विसरून गेले.

त्या काळी गावोगावच्या पेट्या वेगवेगळ्या उघडत. मोजणीला आमचे हे आणि नाना तालुक्याला गेले होते. आबाही होते. दिवस कलायला आला तेव्हा जीप परतली. ह्यांनी आत येऊन मला सांगितलं. बाहेरच्या खेड्यांत सायकल चांगली चालली होती, शेवटी आमच्या गावची पेटी उघडली. पुरुषांची मतं होती तशी निघाली. आणि बाकीच्या चिठ्ठ्या उघडून टेबलावर टाकत गेले तशा त्या कोऱ्या निघत गेल्या. छत्रीवरही शिक्का नाही, सायकलवरही नाही. नुसत्या नीट घडी घातलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या. त्या सायकलवर पडल्या असत्या तर आबा निवडून आले असते. वकिलाची माणसं टेबलापलीकडून हसत होती, असं हे म्हणाले.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की माझं शिकवणं चुकलं. आणि तोच विचार बाहेर नानांच्याही डोक्यात आला होता, फक्त त्याला फाटा फुटला होता. ओसरीवर सगळी भावकी जमली. नाना म्हणाले, "बायास्ले शिकाडं कोनी? सुनबाईनी. तिना बाप कोर्टमा, तो वकील बी कोर्टमा. आते समजा काय ते." कुणीतरी म्हणालं, तिला माहेरी धाडा. कुणी म्हणालं, आधी शपथ घ्या. देवळातून बेलभंडाराचं ताट आणलं आणि ओसरीच्या मधोमध ठेवलं. आबा खांबाला टेकून बसले होते, टोपी मांडीवर. ते काही म्हणाले नाहीत, पण नकोही म्हणाले नाहीत.

आमचे हे बाहेर यायला निघाले आणि दारातच थबकले. बापासमोर त्यांचं तोंड उघडेना. मी पदर ओढून घेतला आणि पुढे झाले. मला वडील आठवत होते, त्यांची कोर्टातली झिजलेली खुर्ची आठवत होती. उद्या मी त्यांच्या दारात परत गेले तर ते आईला काय सांगतील हे डोळ्यांपुढे येत होतं. मी ताटाकडे हात नेला, तोच माझ्या खांद्यावर हात पडला आणि मला मागं सारून सासूबाई ओसरीवर आल्या.

त्या कधीच तिथं येत नसत. त्यांचा पदर डोक्यावर होता, पण तोंडावर नव्हता.

"तिले काय इचारतस? माले इचारा," त्या म्हणाल्या. चौकटीशी नाही, आबांशी बोलत होत्या. "तिनी बरोबर शिकाडं. शिक्का आम्हीच मारा नही. तिले हाई माहीत बी नही."

आबांनी मान वर केली. "तू बी?"

"मी बी."

"काबर?" आबांचा आवाज आला न आला असा होता. "रस्ता कोनाकरता करा मी? आपली पोर—"

"पोर मनी व्हती. मी इसरनू का? रस्ता माले बी जोयजे व्हता." एवढं बोलून त्या थांबल्या. मला वाटलं, आता शब्द अडणार. पण त्यांनी तो शब्द काढला. सगळ्या भावकीसमोर, नानांसमोर, मुलासमोर, पहाटे बाया डबडं घेऊन कशाला जातात तो साधा गावठी शब्द त्यांनी जसाच्या तसा उच्चारला आणि म्हणाल्या, "त्यानी जागा व्हती ती. तुम्ही म्हनात, कोनीच नही. बठ्ठ्या गावन्या बायास्नी व्हती."

पुरुषांनी माना खाली घातल्या. नाना उठायला लागले आणि पुन्हा बसले.

"आनि तो उपास नही व्हता," त्या म्हणाल्या.

आबांना सगळं कळलं होतं असं नाही, कळायला सुरुवात झाली होती. त्यांनी अडखळत विचारलं, "मंग त्या रस्तावर उभ्या ऱ्हायेत, त्या?"

"जीपना उजेड पडना का आमले उठी उभं ऱ्हावनं पडे. तुम्ही हात जोडात. त्या रांगमा मी व्हतू. ही सून व्हती."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आबांचे हात मांडीवरच्या टोपीवर होते, ते त्यांनी मागे घेतले आणि पाठीशी लपवले. साठीला आलेला, गावाला हुकूम करणारा तो माणूस आपले हात कुठं ठेवावेत हे न कळून तसा बसलेला मी पाहिला. मग मला त्यांची फार दया आली आणि आपल्याला दया येते याचाही राग आला. सासूबाईंनी बेलभंडाराचं ताट उचललं, देवघरात नेऊन ठेवलं आणि चुलीपुढे जाऊन बसल्या. एकेक जण वहाणा शोधत निघून गेला.

त्या दिवसानंतर आबा कुणाच्या जीपनं परतले तरी ती सडकेवरच थांबायची. दिवे मालवायला सांगून ते गावापर्यंत पायी येत आणि वळणापाशी आले की मोठ्यानं खाकरत. घरावर माडी चढवायची म्हणून त्यांनी विटा भाजून ठेवल्या होत्या. त्या विटांची नाल्याकडेनं लांबलचक भिंत उभी राहिली, आत आडोसे आणि खड्डे. बांधताना गवंडी हसले, पाहुण्यारावळ्यांत चेष्टा झाली. आमच्या घरावर माडी कधी चढली नाही.

मी एकदा सासूबाईंना विचारलं की बायांशी हे कधी ठरवलं आणि मला का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या की तू शिकवून निघालीस की मागून मी त्या घरी जायचे, आणि तू बायांना शिकवत होतीस, तुझ्या अंगावर आलं तर तुला खरी शपथ घेता यावी म्हणून. एवढा पुढचा विचार त्यांनी केला होता आणि तरी शपथेची वेळ आली तेव्हा त्यांना ती माझ्याकडून घेववली नाही.

पुढच्या निवडणुकीला आबा पुन्हा उभे राहिले. पत्रक मीच वाचून दाखवलं, या वेळी त्यांच्यासमोर बसून. पहिलं काम रस्त्याचं नव्हतं. गावोगावी बायांसाठी आडोसा, हे पहिलं होतं. गावच्या सभेत त्यांनी ते भोंग्यावरून सांगितलं आणि सासूबाईंनी ओसरीवर काढला होता तोच शब्द वापरला. पुरुषांत खसखस पिकली. वकिलाच्या माणसांनी तालुकाभर त्याची गाणी केली. आबा पडले, आणि या वेळी चांगलेच पडले.

तोवर मोजणीची रीत बदलली होती. सगळ्या गावांच्या चिठ्ठ्या एकत्र मिसळून मोजल्या, त्यामुळे आमच्या गावानं काय केलं ते कुणालाच कळलं नाही. आबा ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. सासूबाई चहा घेऊन गेल्या. चौकटीशी थांबल्या नाहीत, त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. आबांनी काही विचारलं नव्हतं.

"मारा मी शिक्का," त्या म्हणाल्या. "आनि वाये लगून फुकं बी."